गोलकीपरचं किट कोणी घ्यायचं?

खेळ हा स्त्री चळवळीचा विषय आहे का, असा प्रश्न बैठकीत निघाला की बहुतेकजणी गप्प बसतात. हुंडा, मारहाण, सातबाऱ्यावर बाईचं नाव, रेशन, दारू, निंदणी-वेचणीची मजुरी, शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायका, इतकी कामं समोर असताना मैदानाचं काय घेऊन बसलात, असं कोणी तोंडावर बोलत नाही. पण मनात तेच असतं. मी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींच्या गटांबरोबर काम करते. माझं मत असं झालं आहे की मुलीचं शरीर, तिचा वेळ, तिचं घराबाहेर असणं आणि तिच्यावर होणारा खर्च हे चारही प्रश्न एका जागी बघायचे असतील तर शाळेच्या मैदानावर जावं. त्यातही हॉकीच्या गोलपाशी जाऊन उभं राहावं.

हॉकीच्या संघात अकराजणी असतात. दहाजणींना काठी, नडगीला बांधायचे गार्ड, बूट आणि दातांसाठी माउथगार्ड एवढ्यावर खेळता येतं. अकरावीचं तसं नाही. ती ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच अशा चौकटीत उभी असते. तिच्या अंगावर येणारा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, दगडासारखा टणक. मोठ्या सामन्यांत पेनल्टी कॉर्नरवरून मारलेला चेंडू ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने येतो आणि तो अडवायचा असतो अंगानेच. म्हणून तिला पायाला जाड पॅड, बुटांवर किकर, हातात मोठे ग्लोव्हज, छातीला आणि ओटीपोटाला गार्ड, गळ्याला पट्टा आणि डोक्याला जाळीचं हेल्मेट लागतं. साधा संच घ्यायचा तरी हजारोंचा खर्च आणि आंतरराष्ट्रीय दर्जाचा संच तर लाखाच्या घरात जातो.

एखादी मुलगी नुसत्या हिमतीवर फॉरवर्ड होऊ शकते. अनवाणी धावून, वाकडीतिकडी काठी घेऊन तिचं कसब दिसू शकतं. गोलकीपर मुलगी नुसत्या हिमतीवर होत नाही. तिच्यासाठी कोणाला तरी खिशात हात घालावा लागतो, आणि ती खेळात टिकेल की नाही हे कळण्याच्या आधी घालावा लागतो. मुलीवर असा आगाऊ खर्च करायला आपल्या समाजात कोण तयार असतं? या लेखात मला हाच प्रश्न मांडायचा आहे.

सविताच्या घरी तो खर्च झाला

भारताच्या महिला संघाची गोलरक्षक सविता पुनिया हिचं नाव आता पुष्कळांना माहीत आहे. ती हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यातल्या जोधकां गावची, जन्म १९९० चा. आजोबांनी आग्रह धरला म्हणून ती हॉकीकडे गेली. घरात आई आजारी, म्हणजे आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मुलीने चूल सांभाळायची. तरी तिला सिरसाच्या शाळेत शिकायला आणि खेळायला पाठवलं गेलं. वडिलांनी पदरमोड करून गोलरक्षकाचं किट घेऊन दिलं. ते किट घेऊन बसने जाणं ही रोजची लढाई असे, भली मोठी बॅग आत घ्यायला वाहक कुरकुर करत, हे तिने स्वतः अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. हा खेळ सोडून द्यावा असं तेव्हा तिला वाटे, हेही सांगितलं आहे.

पुढचा हिशेब सगळ्यांसमोर आहे. २०१३ च्या आशिया चषकात कांस्य, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य. २०१६ साली भारतीय मुली ३६ वर्षांनी ऑलिंपिकला गेल्या तेव्हा गोलमध्ये सविता होती. २०१७ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात चीनशी बरोबरी झाली आणि निकाल शूटआउटवर गेला. शूटआउटमध्ये समोरची खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघते, तिला आठ सेकंद मिळतात, आणि अडवायला एकटी गोलकीपर असते. तो शूटआउट भारताने ५-४ असा जिंकला, सविताने निर्णायक चेंडू अडवला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आणि त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार. २ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात गुरजित कौरने एक गोल केला आणि ऑस्ट्रेलियाला सात पेनल्टी कॉर्नर मिळूनही भारताने तो १-० असा राखला. भारतीय महिला संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेला. जागतिक हॉकी महासंघाने सविताला लागोपाठ तीन वर्षं सर्वोत्तम गोलरक्षक ठरवलं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती कर्णधार होती, संघाने कांस्य आणलं. २०२५ साली ती ३०० आंतरराष्ट्रीय सामन्यांपर्यंत पोचली.

वर्तमानपत्रांत ही गोष्ट इथेच संपते, 'भारताची भिंत' असा मथळा देऊन. आपण मात्र मधली एक ओळ वाचली पाहिजे. २०१७ चा आशिया चषक जिंकून दिल्यानंतरही सविताकडे नोकरी नव्हती. वयाची सत्ताविशी आली, अनेक वर्षं आश्वासनं मिळत आहेत, आणि अजून स्वतःच्या खर्चासाठी वडिलांकडे हात पसरावा लागतो, असं तिने तेव्हा वृत्तसंस्थांना सांगितलं होतं. देशाचा गोल राखणारी मुलगी वडिलांच्या मिळकतीवर अवलंबून. घर चांगलं होतं म्हणून ती टिकली. आजोबा अडून बसले नसते, वडिलांना पदरमोड जमली नसती, तर या देशाला ती मिळालीच नसती. म्हणजे तिची सारी कारकीर्द एका घराच्या भलेपणावर उभी होती. हे कौतुकाचं आहे, तसंच काळजी करण्यासारखंही आहे. भलं घर मिळणं हा नशिबाचा भाग झाला. आपण नशिबावर भागवणारी माणसं नाही, हक्क मागणारी माणसं आहोत.

कोणाची हार आठवते, कोणाची जीत विसरते

मुलींच्या हॉकीवर खर्च का होत नाही याचं उत्तर बरेचदा असं दिलं जातं की लोकांना त्यात रस नाही. हा रस कसा तयार होतो किंवा होऊ दिला जात नाही, ते जरा बघू या.

१९८२ साली दिल्लीला आशियाई स्पर्धा झाल्या. त्यात महिलांची हॉकी पहिल्यांदाच आली होती, आणि भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. कर्णधार होती एलायझा नेल्सन, आपल्या पुण्याची. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून १-७ असा हरला. गोलमध्ये मीररंजन नेगी होते. त्यांना देशद्रोही ठरवण्यापर्यंत लोकांची मजल गेली. हे अन्यायाचंच होतं, यात शंका नाही. पण आज १९८२ ची हॉकी म्हटलं की १-७ आठवतं. मुलींचं सुवर्ण किती जणांना आठवतं? आपल्या गटातल्या बायकांना विचारून बघा.

पुढे २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सूरजलता देवीच्या संघाने इंग्लंडला त्यांच्याच देशात हरवून सुवर्ण आणलं. गोलमध्ये हेलन मेरी होती, केरळची. नेगी त्या संघाबरोबर गोलरक्षणाचे प्रशिक्षक म्हणून होते. या विजयावरून सुचलेला 'चक दे इंडिया' २००७ साली आला, गाजला, आणि त्या सिनेमामुळे अनेक मुली मैदानावर आल्या हे मान्य केलंच पाहिजे. पण त्यातली मध्यवर्ती कहाणी कोणाची आहे? गमावलेली इज्जत परत मिळवणाऱ्या पुरुष प्रशिक्षकाची. मुलींनी जिंकलेलं पदकसुद्धा लोकांपर्यंत पोचायला एका पुरुषाच्या दुःखाची वाट धरून जावं लागलं. हेलन मेरीचं नाव सिनेमा पाहिलेल्यांपैकी फारच थोड्यांना सांगता येईल.

गोलकीपरच्या वाट्याला दोषही जास्त येतो. दहाजणींना चुकवून चेंडू आत गेला तरी फळ्यावर लागणारा गोल तिच्या नावावर. घर राखणाऱ्या बाईसारखंच हे. सगळं नीट चाललं तर कोणाच्या लक्षात येत नाही, आणि काही बिघडलं की पहिलं बोट तिच्याकडे. बाई खेळाडू असली की हा दोष खेळापुरता राहत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत भारत अर्जेंटिनाकडून उपांत्य सामना हरला, तेव्हा हरिद्वारजवळ रोशनाबादला वंदना कटारियाच्या घरासमोर काही जणांनी फटाके वाजवले, जातीवरून शिव्या दिल्या, संघात दलित मुली जास्त झाल्या म्हणून हरलो असं म्हटलं. चारच दिवस आधी याच वंदनाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॅट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. हरल्यावर बाईची जात निघते, तिचं घर निघतं. रस नसलेल्या लोकांना एवढं सुचतं, हे विशेषच म्हणायचं!

पैशाचंही तेच. २०१० च्या जानेवारीत भारतीय पुरुष संघाने पुण्याच्या बालेवाडीत थकलेल्या पैशांसाठी सराव बंद केला. त्याच महिन्यात भोपाळला सराव करणाऱ्या महिला संघाने लोकांकडून मदत मिळावी म्हणून बँकेत खातं उघडलं. पुरुषांची हॉकी इंडिया लीग २०१३ साली सुरू झाली, मुलींची २०२५ साली. बारा वर्षं. एका मुलीची खेळण्याची सारी उमेद तेवढ्यात येऊन जाते.

आपल्या वऱ्हाडातलं चित्र

सविता हरियाणाची, तिथली गोष्ट वेगळी, असं कोणी म्हणेल. म्हणून आपल्या भागाकडे वळते. खेळाची परंपरा वऱ्हाडाला नवीन नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय मंडळ गेली कित्येक वर्षं चालवत आहे. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ साली भारताकडून टी-ट्वेन्टी क्रिकेट खेळली. अमरावतीच्याच मधुरा धामणगावकरने २०२५ साली शांघायच्या विश्वचषकात तिरंदाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. आणि हॉकीचाच गोलरक्षक म्हणाल तर शेजारच्या यवतमाळचा आकाश चिकटे भारतीय पुरुष संघात पोचला. २०१६ ची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी आणि २०१७ चा आशिया चषक जिंकणाऱ्या संघांत तो होता. तेव्हा इथल्या मातीत गोलकीपर तयार होत नाही असं कोणी म्हणू नये.

मग मुलींच्या वाटेत काय येतं? माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगते. गावाचं, शाळेचं नाव सांगत नाही, कारण असं गाव एकच नाही.

अकोला जिल्ह्यातल्या एका शाळेत मुलींचा हॉकीचा संघ उभा राहिला. नववीतली एक अंगाने दणकट मुलगी होती. "तुले पळता येत नाही, तू गोलमंदी राह्य," असं सांगून तिला गोलमध्ये उभं केलं. बहुतेक शाळांत गोलकीपर अशीच निवडली जाते, म्हणजे जिला बाकी कुठे घ्यायचं नाही ती. तिच्या अंगावर मुलांच्या क्रिकेटचे पॅड आणि विकेटकीपरचे ग्लोव्हज. हेल्मेट नाही. तरी पोरगी हटणारी नव्हती. डावीकडचा चेंडू पायाने असा काही बाहेर काढायची की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात. एका सामन्यात चेंडू उसळून हनुवटीवर बसला. चार टाके पडले. मी घरी भेटायला गेले तेव्हा तिचे वडील म्हणाले, "खेऱ्याले नाही म्हनत नाही ताई, पन पोरीच्या तोंडाले लागलं तं उद्या लगन कोन करन?" आईने बराच वेळ काही म्हटलं नाही. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली आणि हळूच विचारलं, "ताई, थे जाळीची टोपी केवढ्याले येते?"

वडिलांचं बोलणं आपल्या ओळखीचं आहे, त्यावर आपण शिबिरं घेतली आहेत. मला आईचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला. तिने मुलीला खेळू द्यायचं की नाही हा वाद घातलाच नाही, तिने किंमत विचारली. दिवसाला मिळणाऱ्या मजुरीत ती टोपी बसते का, हे ती मनात मोजत होती. ती बसत नव्हती. दोन सामने मुलीने मुलांकडून मागून आणलेलं क्रिकेटचं हेल्मेट घालून काढले, दहावीत खेळ सुटला. आता ती नर्सिंग शिकते आहे, चांगलं चाललं आहे. पण ती डावीकडचा चेंडू कसा काढायची हे पाहिलेली माणसं आता आम्ही चारपाचच उरलो.

किटशिवाय आणखी एक अडचण आहे, ती एसटीची. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला एसटीचा पास मोफत आहे. मानव विकासच्या निळ्या बसही मुलींसाठीच सुरू झाल्या. या दोन्ही योजनांनी हजारो मुली शाळेत टिकल्या, त्यांचं मोल मी जाणते. पण पास घर ते शाळा एवढाच चालतो, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मैदानावर नाही. बसची वेळ शाळा सुटण्याची, सराव असतो त्यानंतर. सरावाला थांबलेल्या मुलीची बस गेलेली असते. मग अंधारात फाट्यावर उभं राहणं आलं, आणि 'पोरगी इतक्या उशिरापर्यंत कुठं होती' हा प्रश्न आला. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं खरं, पण खेळाचं सामान भरलेल्या मोठ्या बॅगेचं काय, हा प्रश्न सविताच्या बसमध्ये होता तसाच अकोटच्या आणि दर्यापूरच्या बसमध्ये आजही आहे.

गरिबीचं कारण पुढे करू नका

मेळघाटात कुपोषण असताना तुम्ही हॉकीचं किट मागता, असं मला एका अधिकाऱ्याने ऐकवलं होतं. बोलायला हे बरं वाटतं. पण भारताच्या महिला संघाकडून कोणत्या भागातल्या मुली खेळल्या ते पाहा. निक्की प्रधान झारखंडच्या खुंटी जिल्ह्यातली, सलीमा टेटे सिमडेगाची, दीप ग्रेस एक्का ओडिशाच्या सुंदरगढची. हे सगळे आदिवासी, गरीब जिल्हे. तिथल्या मुलींच्या घरी पैसा नव्हता, पण सरकारी क्रीडा वसतिगृहं होती. राहणं, जेवण, शाळा आणि मैदान एका जागी मिळालं. तिथून मुली निघाल्या. ओडिशा सरकार २०१८ पासून देशाच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांचं प्रायोजक आहे. महाराष्ट्रातही सातारा जिल्ह्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारतीय संघात पोचली. खेड्यातल्या मुलीला हे जमत नाही असं नाही. सार्वजनिक पैसा कुठे लावला गेला, तेवढाच फरक.

त्या भागांत मुली बांबूच्या काठ्यांनी हॉकी शिकल्या असं आपण वाचतो आणि भारावून जातो. भारावून जाताना एवढं लक्षात ठेवू या की काठी बांबूची करता येते, गोलकीपरचं हेल्मेट बांबूचं करता येत नाही.

आणखी एक सावधगिरी. किटची गोष्ट निघाली की लगेच कोणीतरी सुचवतं, बचत गटांनी वर्गणी काढावी. माझा याला विरोध आहे. गावातली शौचालयं, शाळेची रंगरंगोटी, दारूबंदीच्या मोर्च्याची गाडी, सगळं बायकांच्या पाच-दहा रुपयांतून निघतं. पुरुषांच्या कुस्त्यांच्या दंगलीला आणि क्रिकेटच्या स्पर्धांना मात्र पुढाऱ्यांची बक्षिसं असतात. मुलींच्या खेळाचा भार पुन्हा आयांच्या पदरात टाकायचा नाही. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो, ग्रामपंचायतीलाही तसंच बंधन आहे. शिलाई मशीन आणि पिठाची गिरणी यांच्यापुढे हा निधी कधी जातो का? बाईच्या कल्याणाची सरकारी कल्पना अजून घराच्या उंबरठ्यापाशीच अडली आहे.

मैदान सुरक्षित असलं पाहिजे

आपण मुलींना मैदानावर पाठवा असं पालकांना सांगतो, तेव्हा तिथे त्यांच्याशी कसं वागलं जातं याची जबाबदारीही आपल्यावर येते. २०१० साली भारतीय महिला हॉकी संघातल्या खेळाडूने प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली, सहकारी मुली तिच्यामागे उभ्या राहिल्या, प्रशिक्षकाला पद सोडावं लागलं. २०२३ साली देशासाठी पदकं आणलेल्या कुस्तीगीर मुलींना तक्रार ऐकून घ्यावी म्हणून दिल्लीच्या रस्त्यावर बसावं लागलं. ऑलिंपिकचं पदक गळ्यात असलेल्या मुलीची ही गत, तर तालुक्याच्या मैदानावरची नववीतली मुलगी कोणाकडे जाणार? निवड सरांच्या हातात, प्रमाणपत्र सरांच्या हातात, बाहेरगावी नेणारे सरच. गोलकीपरला तर पॅड बांधायला, गार्ड लावायला दुसऱ्याची मदत लागते. तिथे बाई शिक्षक नसेल तर मुलगी अवघडते, आणि कित्येकजणी नेमक्या याच कारणाने खेळ सोडतात. घरी ते सांगतही नाहीत.

कामाच्या जागी लैंगिक छळ रोखण्याचा कायदा २०१३ चा. खेळाची मैदानं आणि क्रीडा संकुलं त्याच्या कक्षेत येतात, हे त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या किती क्रीडा संघटनांत तक्रार समिती आहे, तिच्यावर कोण आहे, ही माहिती आपल्या गटांनी लेखी मागवली पाहिजे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा कायद्याने खेळांच्या महासंघांच्या कार्यकारिणीत स्त्रियांना जागा ठेवल्या आहेत. दिल्लीतल्या जागा दिल्लीतच राहू नयेत. जिल्हा संघटनेच्या बैठकीला बाई दिसली पाहिजे, आणि ती चहापुरती नसावी.

आपण काय करायचं

मैत्रिणींनो, लेख वाचून हळहळ वाटली एवढ्याने काही होत नाही. येत्या वर्षात अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या आपल्या गटांनी पुढच्या मागण्या घ्याव्यात असं मी सुचवते.

एक, मुलींचा हॉकी संघ असलेल्या प्रत्येक शाळेला गोलकीपरचं पूर्ण किट सार्वजनिक निधीतून मिळावं. ते शाळेच्या मालकीचं असावं, कोण्या दात्याने एका मुलीला दिलेली भेट नसावी. एक मुलगी गेली तर दुसरीला ते वापरता आलं पाहिजे. माप मुलींचं असावं, छातीचा गार्ड मुलींसाठी बनवलेला असावा. आणि किल्ली कपाटात कुलूपबंद राहू नये, हेही आपणच बघायचं.

दोन, एसटीचा मोफत पास मैदानापर्यंत चालावा, खेळाचं सामान बसमध्ये विनातक्रार घ्यावं, आणि सरावाच्या दिवशी परतीच्या बसची वेळ मुलींना विचारून ठरवावी. आगाराला निवेदन द्यायचं तर मुलींनाच पुढे करावं.

तीन, मैदानावर मुलींसाठी शौचालय, पाणी, कपडे बदलायला दार लागणारी खोली आणि एक बाई शिक्षक किंवा प्रशिक्षक. ही सोय नसलेल्या ठिकाणी मुलींच्या स्पर्धा भरवू नयेत.

चार, क्रीडा संघटना आणि संकुलांमध्ये तक्रार समिती, तिच्या सदस्यांची नावं आणि फोन मैदानाच्या भिंतीवर रंगवलेले.

पाच, नोकऱ्या. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. बोगस प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी त्याची बदनामी झाली, आणि खऱ्या खेळाडू मुली मागे राहिल्या. त्या जागांपैकी किती मुलींना मिळाल्या याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागवू या. रेल्वेने देशातल्या खेळाडू मुलींना फार मोठा आधार दिला आहे. अकोला आणि बडनेरा ही मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातली स्टेशनं. तिथल्या खेळाडूंच्या भरतीची माहिती आपल्या मुलींपर्यंत पोचते का, तेही बघायचं.

यातली एकही मागणी मोठी नाही. पुलाच्या एका कमानीइतकाही खर्च यात नाही. पुढच्या ग्रामसभेत पहिली मागणी ठरावाच्या रूपाने मांडता येईल. गावातला एखादा विचारील, "पोरीले हाकीचं किट काहून पायजे?" त्याला ३.६६ मीटर रुंदीच्या चौकटीत हेल्मेटशिवाय एकदा उभं राहायला सांगा, आणि ठराव लिहून घ्या.